जित्या रहिमानच्या नावानं

हौसे, सोलापुरात आता कुणी कुणाला 'घरी सगळी बरी हायत का' असं विचारत नाही. तू होतीस तेव्हाच हे सुरू झालं होतं, आता पुरतं झालंय. नवी पेठेतनं चाललो की ओळखीचा माणूस समोर येतो, थांबतो, तोंड उघडतो आणि मग म्हणतो, "लई ऊन हाय." मीही म्हणतो, "लई." आणि दोघं आपापल्या वाटेनं जातो. एकाला मी विचारून बसलो होतो, आई कशी हाय म्हणून. तो माझ्याकडं नुसता बघत राहिला. तेव्हापासनं मी उन्हाचंच बोलतो.

पाडव्याला सरकारनं सगळी बंधनं उठवली. मास्क घालायचा तर घाला, नाही तर नको. दुकानांपुढं ते पांढरे गोल काढले होते ना, ज्यात आपण बगळ्यासारखे उभे राहायचो, ते पायाखाली पुसून गेले. टपरीवर बाकडी परत आली. गल्लीत सगळ्यांच्या गुढ्या उभ्या राहिल्या, आपल्या दारात नाही. तू पाडव्याच्या आधी गेलीस. सगळं गाव सुटलं त्या दिवशी मी दार लोटून आत बसलो होतो. दोन वर्षं सरकारनं बसवलं, आता आक्कानं बसवलंय. थोरली बहीण ना माझी, तू गेल्यापासनं इथंच आहे. सांगोल्याकडची शेरडं पोराच्या हवाली करून आलीय आणि माझ्यावर शेरडासारखीच नजर ठेवते. "दुखवट्यातल्या माणसानं दुसऱ्याच्या उंबऱ्याला जाऊ नये. लोकांनी आपल्याकडं यायचं असतंय," म्हणते. पेठेत जाऊन मीठ-तेल आणायला तेवढी मोकळीक आहे.

पेठेत मला माणसं चुकायला लागलीत. परवा सोनाराच्या दुकानापुढं एक जण पाठमोरा दिसला. एक खांदा खाली, एक वर, आपल्या चाळीतल्या शिंप्यासारखा. हाक मारायला तोंड उघडलं आणि मग आठवलं, त्याच्या घरी आपण दोघं भेटून आलोय. तू त्याच्या बायकोला धरून रडलीस आणि मी बाहेर त्याच्या मशिनीकडं बघत बसलो होतो. तरी तो माणूस वळेपर्यंत मी थांबलोच. दुसराच होता. असं रोज होतंय. जे गेले ते दिसतात, आणि जे आहेत त्यांच्याकडं बघून वाटतं, हा कसा काय हाय.

दिवाळीनंतर तू म्हणालीस, "आता सुटलंय. चला." मला वाटलं लग्नाला म्हणतेस. अडलेली लग्नं लागत होती, पत्रिका येऊन पडल्या होत्या. मी टोपी धुवायला काढली.

"लग्नाला न्हाय," तू म्हणालीस. "भेटायला. किती घरं राह्यल्यात आपली."

"वरीस उलटून गेलं की त्येला. आता रडायला जातीस व्हय?"

"मग ज्येच्या दुःखाला गेलो न्हाय, त्येच्या मांडवात कुटल्या तोंडानं जेवायचं?"

 तरी मी म्हणालो, बरी झालेली माणसं हायत, कशाला खपली काढतीस. तू पदर खोचत म्हणालीस, "खपली धराय कुणी शेजारी बसलं हुतं का त्येंच्या?"

मग आपण फिरलो. लोक मांडवात जात होते आणि तू मला घेऊन रडायच्या घरी जात होतीस. चहाची पुडी, साखरेची पुडी, पिशवीत दुसरं काही नाही. गाडी सुटायच्या आधी मास्क चढवायचीस, आणि त्या घराच्या दारात गेलं की ओढून गळ्यात घ्यायचीस. मी डोळे वटारायचो. "तोंडाला फडकं बांधून रडता येतंय व्हय?" म्हणायचीस.

वळसंगला तुझी मावसबहीण. तिचा नवरा पहिल्या लाटेत गेला होता. तू दारात गेलीस तर ती शेणी थापत होती. उठली, हात तसेच, आणि तुला मिठी न मारता तुझ्या पाठीत एक बुक्की घातली. "आता आलीस व्हय गं? आता?" आणि आणखी एक घातली. मला वाटलं आता भांडण. तू मार खात तिला धरलंस आणि दोघी तिथंच खाली बसलात. तुझ्या पाठीवर शेणाची पाच बोटं उठली होती. निघताना ती मला म्हणाली, "दाजी, तवापासनं ह्या घरात कुणी मोठ्यानं रडलं न्हवतं. पोरगा म्हणायचा, आई गप, शेजारी घाबरत्यात." परत येताना मी तुला काही बोललो नाही. तुला वाटलं मला पटलं. मला पटलं नव्हतं. त्या बाईचं तोंड मला आठ दिवस दिसत राहिलं, म्हणून गप्प होतो.

आणि मग रहिमान.

जे माझं तुझ्याशी भांडण राहिलंय ते रहिमानवरनं राहिलंय, म्हणून नीट सांगतो. तुला ठाऊक आहे, तरी सांगतो. सांगितल्याशिवाय मला उलगडत नाही.

रहिमान म्हणजे माझा अर्धा जन्म. पेठेतल्या दुकानांतले चादरीचे, टॉवेलचे गठ्ठे आम्ही एका हातगाडीवरनं ओढले, तो पुढं, मी मागं. पुढं त्यानं तीनचाकी टेम्पो घेतला आणि मी शेजारच्या सीटवर बसलो तो गुडघे जाईपर्यंत. दुसऱ्या लाटेत कळलं की त्याच्या बोळात गाडी आली, त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला, यासीनला घेऊन गेली, आणि एकच माघारी आला. सांगणाऱ्याला कोण ते नक्की ठाऊक नव्हतं. रहिमान थोरला, दम लागणारा, म्हणून सगळ्यांनी तोच गेला असं धरलं. मीही धरलं. बोळ बांबू लावून बंद होता. फोन लावला, बंद. पुढं माझाही फोन बंद पडला. बोळ उघडला तरी मी गेलो नाही. माणूस गेला असं एकदा मनात ठरलं की परत कुणाला विचारायला जीभ उचलत नाही, हौसे.

आपण गेलो तेव्हा दार उघडंच होतं. शमीम भाभी कणीक मळत बसली होती. तू उंबऱ्यात मास्क खाली ओढलास आणि एकदम सूर लावलास. "अगं माझ्या शमीम, कसा गं गेला माझा भाऊ, ह्येंचा बैलजोडीचा जोडीदार गेला गं, एकलं टाकून गेला गं..." भाभी कणकेचे हात घेऊन उठली आणि तुझ्या गळ्यात पडून तीही रडायला लागली, "या अल्ला, दत्तूभाई गये क्या? कब गये?" मी तुझ्या मागं उभा राहून चपला काढत होतो. तुम्ही दोघी एकमेकींच्या नवऱ्याच्या नावानं रडत होता आणि दोन्ही नवरे जित्ते.

मागच्या दारानं रहिमान आला. लुंगी, खांद्यावर टॉवेल, हातात पाण्याचा डबा.

"कौन मरा?" त्यानं विचारलं.

तुझा सूर मधेच तुटला. तसा तुटलेला सूर मी आयुष्यात ऐकला नव्हता. "तुमी," तू म्हणालीस.

"मैं?"

"व्हय की. तुमी."

त्यानं डबा खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. "आणि मला वाटलं तू गेलास," मला म्हणाला. "फोन न्हाय, काय न्हाय. मी तर तुझ्या नावानं दुवा मागून मोकळा झालो." आणि हसायला लागला. ते हसणं आवरेना त्याला. आपणही हसलो, भाभी कणकेच्या हातानं डोळे पुसत हसली, गालाला पीठ लागलं. हसणं संपलं तेव्हा भाभी हळूच म्हणाली, "पर यासीन गया, हौसाभाभी."

 यासीनला चार सरकारी माणसांनी पुरला होता, घरचं कुणी नाही. रहिमान तेव्हा दुसऱ्या वॉर्डात होता, त्याला बाहेर आल्यावर कळलं. तू परत खाली बसलीस, भाभीला जवळ घेतलंस आणि पहिल्यापासनं सुरू केलंस. या वेळेला यासीनच्या नावानं. रहिमान भिंतीला पाठ लावून बसला होता, तोही रडला. मी बाहेर उभा राहिलो. चहा पिताना तो म्हणाला, "वैनी, जित्तेपणीच ऐकून घेतलं मी, माझ्यामागं काय म्हणाल ते. बैलजोडी म्हणालात. बरं म्हणालात." आणि तू म्हणालीस, "आयुष्य वाढलं तुमचं, भावजी. जित्या माणसाच्या नावानं रडलं की आयुष्य वाढतंय."

हे तू म्हणालीस. आक्का नाही, मी नाही, तू.

रिक्षात मी तुला विचारलं, "रहिमानसाठी एवढं रडलीस, माझ्या मागं रडशील का एवढं?"

"आधी मरून तर दावा की," तू म्हणालीस. रिक्षावाला मास्कमागं हसला.

"आणि तू आधी गेलीस तर?"

"तर काय? तुमी रडणार न्हाय, ठावं हाय मला. तुमचा बा गेला तवा तुमी बैलाला पाणी पाजाय गेला हुता."

"बैलाला तहान लागली हुती."

"सगळ्या गावानं बघितलं."

"मग काय बैल तसाच ठेवायचा?"

घर आलं, तू उतरलीस. त्या बैलाचं आपलं बोलणं तिथंच राहिलं. मला अजून वाटतं माझं बरोबर होतं. बैल सकाळपासनं तसाच होता. पण तुला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पायरीवर तू जरा थांबली होतीस, ते मी विचारलं नाही.

तू गेलीस त्या सकाळी भाकरी थापून झाल्या होत्या. "जरा पाठ चोळा," म्हणालीस. मी म्हणालो, बस. चोळता चोळता तू पुढं झुकलीस, मला वाटलं बरं वाटतंय. मी चोळत राहिलो. किती वेळ ते मला सांगता येत नाही. माझ्या तळहाताला अजून तुझ्या चोळीचं कापड लागतंय. भांडं धरलं तरी, कडी लावली तरी, आधी ते कापड.

पण एक सांगतो. तुला माणसं मिळाली. यासीनला प्लास्टिकात गुंडाळून नेला, शिंप्याला त्याच्या बायकोनं लांबनं बघितलं. तुला बायकांनी न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. ज्या ज्या घरी तू पुडी घेऊन गेली होतीस, ती सगळी घरं आली. वळसंगची आली, तिनं तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि कुणाला हलवू दिलं नाही. कुणाच्या तोंडाला फडकं नव्हतं. गल्ली भरली. मी पाणी देत फिरत होतो, आलेल्यांना. आपला पोरगा बाळू पुण्याहनं आला, तो म्हणाला, "आबा, बसा की जरा." मी म्हणालो, लोकं उन्हातनं आल्यात.

रहिमाननं खांदा दिला. मसणवटीत तो माझ्यापुढं चालत होता, ताठ. त्याच्या पाठीकडं बघताना माझ्या मनात आलं, हा चाललाय आणि तू चालत नाहीस. आलं आणि गेलं. पण आलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बायका बसल्या होत्या. आक्का बोलता बोलता म्हणाली, "बाई जित्या माणसाच्या नावानं रडली. आयुष्य वाढलं म्हणाली त्येचं. मग ते कुणाचं तरी कमी झाल्याबिगर वाढंल कसं?" एका बाईनं 'व्हय बाई' म्हटलं. रहिमान उंबऱ्याजवळ पुरुषांत बसला होता. त्यानं ऐकलं. तो उठला, चपला घातल्या आणि गेला. माझ्या हातात तांब्या होता. आक्काला मी काही बोललो नाही. बोललो नाही म्हणजे मला पटलं होतं असं नाही. पटलं नव्हतं असंही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

मग ते माझ्या मागं लागलं, हौसे. भर दुपारी घरात कुणी नसताना मला तुझा तो उंबऱ्यातला सूर ऐकू यायचा, 'एकलं टाकून गेला गं' आणि तिथंच तुटलेला. मला वाटायचं, तो तुटला तो कुठं गेला? उरलेलं रडणं कुणावर गेलं? असलं डोक्यात यायचं. मला शाळा चौथीपर्यंत, पण असल्या गोष्टीवर माझा कधी विश्वास नव्हता, तुला माहीत आहे. तू मांजर आडवं गेलं तर थांबायचीस आणि मी तुला टाकून पुढं जायचो. आता मीच थांबायला लागलो होतो. रहिमान येत नव्हता आणि तो येत नाही याचं मला बरंच वाटत होतं. तो आला असता तर मी त्याच्याकडं कसं बघितलं असतं, मला ठाऊक नव्हतं.

रोजे सुरू झाल्यावर एक दिवस शमीम भाभी आली. आत आली नाही, गल्लीतच उभी राहिली, आक्का दारात बसली होती म्हणून. मी बाहेर गेलो.

"दत्तूभाई, वो बाहेर नै निकलते," ती म्हणाली. "दो साल के बाद मशीद भरली, सगळी बोळ जाती, ये नै जाते. जुम्मे को भी नै. रोजा रखते, दीवार को देखते बैठते. बोलते, मी कुणाच्या वाट्याचं खातोय म्हणून लोक बघतात."

"मी काय करू?"

"तुम्ही काय करणार मला काय मालूम. पर दुसरे किसी के बोलने से नै होगा." पदर डोक्यावर ओढून ती गेली.

मी टोपी घेतली. आक्का म्हणाली, "कुटं?"

"रहिमानकडं."

"दत्ता, पाडवा सुतकात गेला, पहिला सण व्हायचा हाय अजून. तुझ्याकडं लोकांनी यायचं. आणि त्येंचा रोज्याचा महिना, तितं आपलं दुःख घेऊन जातोस व्हय?"

"त्यो येत न्हाय म्हणून जातोय."

"न्हाय येत तर नको येऊ दे. बरंच हाय ते." मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी काय खोटं बोलले का?"

आक्का तुझ्यासाठीच बोलली होती, हे मला तेव्हा कळलं. तुझं जाणं तिला असंच फुकट सोडवेना. कुणाच्या तरी दारात नेऊन टाकायचं होतं. मी म्हणालो, "आक्का, भाकरी टाकू नकोस माझी," आणि निघालो.

उन्हं उतरली होती. पेठेत गर्दी, दोन वर्षांची साठलेली. माणसं एकमेकाच्या अंगावरनं जात होती आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मलाच वाटत होतं. मशिदीमागच्या बोळात फळवाले, खजूरवाले, भजी तळणारे. रहिमानच्या घरी मात्र दार लोटलेलं. भाभीनं उघडलं. तो भिंतीला पाठ लावून बसला होता, त्या दिवशी बसला होता तिथंच. मला बघून उठायला लागला आणि परत बसला.

"तू कशाला आलास?" तो म्हणाला. "तू दुखवट्यात हायस."

"तू येत न्हाईस. मग काय करू, पत्रिका पाठवू?"

 मी समोर बसलो. गुडघे वाजले.

"दत्तू, एक विचारू? खरं बोल. आपण खोटं कधी बोललो न्हाय एकमेकाला."

"एकदा बोललोय. तुझा डबा खाल्ला तवा."

त्याला हसू आलं नाही. "माझं मरण नेलं का रे वैनींनी?"

हा प्रश्न मी तुला महिनाभर विचारत होतो, हौसे. तू काही उत्तर दिलं नाहीस. आणि तो विचारत होता तर मला राग आला. त्याचा नाही. तुझ्याबद्दल असं कुणी विचारावं याचा.

"रहिमान," मी म्हणालो, "तू वळखतोस तिला. भाजीवालीनं चुकून कोथिंबिरीची जुडी जादा टाकली तर भर उन्हात माघारी द्यायला जायची. मी शिव्या द्यायचो, सात रुपयांची बी न्हाय ती. शेजारणीचा चमचा आपल्या घरात राहिला तर तिला झोप न्हवती. ती बाई तुझं मरण तुला न इचारता उचलून न्हील व्हय?"

तो भिंतीला टेकलेली पाठ सोडून ताठ बसला.

"आणि न्यायचंच असतं तर माझं नेलं असतं की. मी काय लांब हुतो?"

 मी तिथं बोलायला गेलो होतो, रडायला नाही. पण आधी तो फुटला. "भाभी," म्हणाला, "या अल्ला, हमारी हौसाभाभी," आणि गुडघ्यावर डोकं घालून एवढा मोठ्यानं रडला की शमीम आतनं धावत आली. आणि मग माझंही आलं. कुठनं आलं मला माहीत नाही. एवढं माझ्यात होतं हे मला माहीत नव्हतं. मी तुला नाव घेऊन हाका मारल्या, हौसे. तुझ्या नावानं. परक्याच्या घरात, रोज्याच्या महिन्यात, भजी तळणाऱ्यांना ऐकू जाईल असं. पाणी द्यायला कुणी नव्हतं, म्हणून उठायला निमित्तही नव्हतं.

बोळात गलका झाला. दारात माणसं जमली. आधीच गेलेल्या माणसांनी भरलेला बोळ तो, रडणं ऐकलं की पळतच येतात. एक म्हातारी, दोन दाढीवाले, फळवाला टोपली टाकून आलेला. "क्या हुआ? कौन गया? रहिमानभाई गये?" म्हातारीनं विचारलं. रहिमान मान वर करून तिच्याकडं बघत होता, त्याला बोलता येईना. ती माझ्याकडं वळली.

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. आपल्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, कळवायचं काम बाळूनं केलं. मला माझ्या तोंडानं कधी सांगावंच लागलं नव्हतं.

"हौसा," मी म्हणालो. "माझी बायको. गेली."

ती माणसं तुला ओळखत नव्हती. म्हातारीनं आत येऊन माझ्यासमोर बैठक मारली. दाढीवाले चपला काढून बसले. फळवाला उंबऱ्यात बसला, टोपलीकडं एक नजर ठेवून.  मग म्हातारी म्हणाली, "कैसी थी बाबा?"

मी सांगायला लागलो. कोथिंबिरीचं सांगितलं. तू रहिमानच्या नावानं कशी रडलीस ते भाभीनं सांगितलं आणि ती म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मांजर आडवं गेल्यावर तू कशी उभी राहायचीस ते सांगितलं. बैलाचं सांगितलं. दाढीवाल्यांतला एक म्हणाला, "बैल को प्यास तो लगी होगी," तर म्हातारी त्याला म्हणाली, "चूप बैठ. औरत का बोलना अलग था." मी तिच्याकडं बघितलं. तिनं पुढं काही सांगितलं नाही. मी विचारलंही असतं, पण अजान झाली.

भाभीनं खजूर आणि पाणी आणलं. सगळ्यांनी घेतलं. माझ्यापुढंही ताटली आली. दुपारपासनं माझ्या पोटात काही नव्हतं, ते तेव्हा कळलं. मी खजूर तोंडात टाकला, आणि तू गेल्यानंतर पहिल्यांदा मला तोंडातल्या वस्तूची चव लागली.

माणसं नमाजाला उठली. दाढीवाल्यांतला एक दारात थांबला, रहिमानसाठी.  रहिमाननं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "जा की."

तो मोरीवर गेला, हात-पाय-तोंड धुतलं, टोपी चढवली. दारातनं बाहेर पाय टाकताना मागं वळून म्हणाला, "बस. आलोच."

मी बसलो, हौसे. भाभीनं दिवा लावला आणि माझ्या ताटलीत दोन भजी टाकली. तो परत येईपर्यंत मी तिला तुझं सांगत होतो.